इंजिनात अडकलेली हवा: ओळखायची कशी आणि घरच्या घरी काढायची कशी

सकाळी गाडी सुरू केली, जरा ॲक्सिलरेटर दाबला आणि डॅशबोर्डच्या मागून माठात तांब्या बुडवल्यासारखा गुडगुड आवाज आला, तर तो आवाज नीट ऐका. डॅशबोर्डमागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. त्यातून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भरून वाहत असेल तर कसलाही आवाज येत नाही. अर्धं पाणी, अर्धी हवा असेल तरच तो गुडगुडतो. गॅरेजच्या भाषेत याला म्हणतात, गाडीने एअर धरली.

ज्यांनी विहिरीवरून शेतात पाइपलाइन नेली आहे त्यांना ही गोष्ट फार समजावावी लागत नाही. लाइन एखाद्या उंचवट्यावरून जाते, तिथे हवा साचते. मोटार चालू, विहिरीत पाणी भरपूर, पण टोकाला धार करंगळीएवढी. म्हणून जाणता माणूस उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतो. इंजिनाभोवतीची पाण्याची वाटही अशीच चढउतारांची आहे. रेडिएटरमधून खालच्या होजने (रबरी पाइपाने) पंपात, पंपातून ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या धडात), तिथून हेडमध्ये (वरच्या भागात), एक फाटा हीटरला, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, उघडला की परत रेडिएटरला. या वाटेवर जी जागा सगळ्यात उंच, तिथे हवा जाऊन बसते. तिला बाहेर पडायला आणखी उंचावर तोंड करून द्यायचं आणि ती पडेपर्यंत थांबायचं, एवढंच हे काम आहे. हत्यारं फार लागत नाहीत, वेळ लागतो. बहुतेक ठिकाणी चुकतं ते नेमकं इथे, कारण गॅरेजमध्ये मागे चार गाड्या उभ्या असतात.

हवेने एवढं काय बिघडतं?

इंजिनाचा वॉटर पंप विहिरीवरच्या मोटारीसारखाच पंख्याच्या जोरावर पाणी फेकतो. पंख्यात पाण्याऐवजी हवा आली की त्याची पकड सुटते. तो फिरत राहतो, पण पाणी पुढे सरकत नाही. दुसरं म्हणजे हवेतून उष्णता नीट वाहून जात नाही. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूचा भाग सगळ्यात जास्त तापतो. हवेचा बुडबुडा तिथे अडकला तर तेवढाच भाग भाजून निघतो. आजकालच्या गाड्यांची हेडं ॲल्युमिनियमची असतात आणि ती जास्त तापली की वाकतात. हेड बेंड झालं, त्याच्याखालचं गॅस्केट (सील) गेलं, की खर्च हजारांत जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. तो हवेच्या कप्प्यात आला तर काटा मध्यावर निवांत बसलेला दिसतो आणि आत इंजिन तापत असतं. मग अचानक गरम पाण्याचा लोट सेन्सरवर येतो आणि काटा लाल रेषेकडे उडी मारतो. वर उडी, पुन्हा खाली, पुन्हा वर, असा काटा नाचत असेल तर पहिला संशय हवेचाच घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत आता काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापलं की लाल, एवढंच दिसतं. लाल लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

मला हे कराड ते चिपळूण रस्त्यावर कळलं. रेडिएटर गळत होता म्हणून बदलून घेतला होता. कारागिराने माझ्यासमोरच रेडिएटरच्या गळ्यापर्यंत कूलंट भरलं, झाकण लावलं, बाजूची जादा कूलंटची बाटली वरच्या खुणेपर्यंत भरली. दहा मिनिटांत काम आटोपलं. चिपळूणला उतरताना काहीच झालं नाही. परत येताना कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि अर्ध्यावर काटा हलला. एसी बंद केला. कुठेतरी वाचलेलं आठवलं म्हणून हीटर पूर्ण गरमवर टाकला, आणि त्यातून थंड हवा आली. इंजिन तापलेलं आणि हीटर थंड! म्हणजे हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नव्हतं. गाडी बाजूला घेतली, बंद केली, बॉनेट उघडून तासभर बसलो. बाहेरची बाटली भरलेलीच होती, म्हणून मनात आलं की पाणी कमी नाही, दुसरंच काही असेल. गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाणी दिसेना. सव्वा लिटर आत गेलं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं असू शकतं हे तेव्हापासून मी विसरलेलो नाही.

आधी आपल्या गाडीची पद्धत ओळखा

इथे घोळ झाला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून बॉनेट उघडून पाहा. साधारण दोन पद्धती असतात.

पहिल्या पद्धतीत रेडिएटरवर किंवा त्याच्या वरच्या होजच्या तोंडाशी दाबाचं धातूचं झाकण असतं आणि बाजूला साधी प्लास्टिकची बाटली. मारुतीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या, होंडा, टोयोटा यांत ही पद्धत दिसते. बाटलीत दाब नसतो. इंजिन तापलं की फुगलेलं कूलंट झाकणातून बाटलीत जातं, गार होताना तेच परत आत ओढलं जातं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. हा दाब फार मोलाचा आहे. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण एक बार दाबाखाली तेच साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

दुसऱ्या पद्धतीत रेडिएटरवर झाकणच नसतं. एकच जाड प्लास्टिकची टाकी असते, तिला आट्यांचं झाकण आणि त्यावर गरम असताना उघडू नये असा इशारा. फोक्सवॅगन पोलो, स्कोडा रॅपिड यांची गोल टाकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ही टाकी दाबाखाली असते आणि सगळ्या वाटेत उंचावर बसवलेली असते. इंजिनावरून किंवा रेडिएटरच्या माथ्यावरून एक बारीक पाइप टाकीत येतो, त्यातून हवा आपोआप टाकीत येऊन सुटते. या गाड्यांत हवा काढणं तुलनेने सोपं आहे.

काही इंजिनांवर हवा काढण्यासाठी खास स्क्रू (ब्लीड स्क्रू) असतो, थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या होजवर. तो बहुधा प्लास्टिकचा किंवा पितळेचा असतो, चटकन तुटतो. गाडीच्या पुस्तिकेत त्याची जागा पाहून घ्या. पाना लावण्याआधी तो खरंच तोच स्क्रू आहे ना, याची खात्री करा.

तयारी

इंजिन पूर्ण गार पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम झाकण उघडू नका, हे मी फडकं गुंडाळून हळूच उघडणाऱ्यांनाही सांगतोय. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि चेहऱ्यावर येतं. वरचा होज हाताने दाबून पाहा. तो कडक असेल तर आत दाब आहे, थांबा.

कूलंट कुठलं, हे पुस्तिकेप्रमाणेच ठरवा. हिरवं, लाल, गुलाबी, नारंगी अशा रंगांवर जाऊ नका, कारण रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र केली तर त्यातली गंज रोखणारी द्रव्यं एकमेकांना मारक ठरू शकतात. तयार मिसळलेलं कूलंट मिळतं, ते तसंच ओतायचं. घट्ट कूलंट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर आधी बादलीत एकत्र करा. बोअरचं पाणी नकोच. आपल्याकडच्या जड पाण्याने घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतात. कूलंट उकळण्याचा बिंदू वर नेतं आणि आतला गंज थांबवतं. आपल्याला ते या दोन कारणांसाठी हवं.

सिस्टिम पाण्याने धुतली असेल तर ब्लॉकमध्ये थोडं साधं पाणी राहतंच. अशा वेळी एकूण मापाच्या निम्मं घट्ट कूलंट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. एकूण माप साडेचार लिटर असेल तर सव्वादोन लिटर कूलंट आत गेलंच पाहिजे.

आणि हे माप लिहून ठेवा. जुनं कूलंट काढताना ते मापाच्या भांड्यात धरा. चार लिटर बाहेर आलं आणि भरताना पावणेतीन लिटरलाच गळा भरला, तर सव्वा लिटर हवा आत आहे. बाकीच्या खुणा अंदाज देतात, हा हिशेब थेट आकडा देतो. मी तो बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवतो.

बाकी सामान म्हणजे एक फनेल, जाड फडकं, हातमोजे, पाना, पकड, चाकाला लावायला दोन दगड. रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारं उंच फनेल मिळालं तर फारच छान. त्यात दोन-तीन बोटं कूलंट उभं ठेवता येतं, म्हणजे तेच सगळ्या वाटेचं सर्वांत उंच टोक होतं. मी पहिल्या खेपेला बाटली कापून फनेल केलं, रबरी नळीचा तुकडा गुंडाळून ते गळ्यात बसवलं. कामापुरतं चाललं.

पहिल्या पद्धतीच्या गाडीची हवा काढताना

गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा. सोसायटीचा रॅम्प, घरासमोरचा उतार, काहीही चालेल. पुढची चाकं वीतभर वर आली तरी फरक पडतो, कारण त्यामुळे रेडिएटरचं तोंड हेडपेक्षा आणि हीटरपेक्षा वर जातं. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नका. इंजिन अर्धा तास चालू राहणार आहे, धुराने जीव जाऊ शकतो.

इग्निशन चालू करून हीटरचं बटण पूर्ण गरमवर आणा आणि पंखा सगळ्यात कमीवर ठेवा. जुन्या गाड्यांत हीटरच्या पाइपवर व्हॉल्व्ह असतो, तो बंद राहिला तर हीटरमधली हवा तिथेच कोंडून राहते. नव्या बऱ्याच गाड्यांत पाणी हीटरमधून सतत फिरतं, तरीही हीटर चालू ठेवायचाच, कारण गरम वाऱ्यावरूनच आपल्याला काम झालं की नाही ते कळणार आहे. पंखा जोरात ठेवला तर इंजिन तापायला उगाच वेळ लागतो.

आता झाकण काढून कूलंट ओता, पण सावकाश. एका लिटरला दोन-तीन मिनिटं तरी द्या. भसाभस ओतलं तर पाणी वरून झाकण घातल्यासारखं बसतं आणि खालची हवा अडकते. तोंडाशी येणारे बारीक बुडबुडे पाहत राहा. प्रत्येक बुडबुडा म्हणजे आतली थोडी जागा मोकळी झाली. मध्ये थांबून वरचा आणि खालचा होज हाताने दाबा, सोडा, दाबा, सोडा. गाईची धार काढताना जसा हात चालतो तसा, लयीत. दर दाबाला गळ्याशी एखादा मोठा बुडबुडा बुळुक करून वर येतो आणि पातळी बोटभर उतरते. पुन्हा भरा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा. मला यातच दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि निम्मी हवा इंजिन सुरू करण्याआधीच निघते.

ब्लीड स्क्रू असेल तर तो या टप्प्यावर दोन-तीन आटे सैल करा. आधी फुसफुस येईल, मग फेसाळ कूलंट, मग अखंड धार. धार अखंड झाली की स्क्रू बंद. स्क्रू नसेल आणि हीटर हट्टाने थंडच राहत असेल, तर गार इंजिनावर हीटरच्या वरच्या होजची क्लिप सैल करून होज थोडा मागे सरकवा. कूलंट येऊ लागलं की परत बसवा. जुना होज चिकटलेला असतो, ओढाताण केली तर फाटतो, म्हणून तो गोल फिरवून सोडवा.

बाहेरची बाटली वरच्या खुणेपर्यंत भरा. तिच्यातला बारीक पाइप तळापर्यंत बुडालेला आहे ना, हे पाहा. याकडे पुन्हा येऊ.

झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा आणि आयडलिंगवर राहू द्या. एसी बंद. सैल बाही, ओढणी, साखळी पंख्यापासून लांब. रेडिएटरचा पंखा स्वतःच्या मर्जीने लागतो, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही.

पहिली पाच-दहा मिनिटं फारसं काही होणार नाही. थर्मोस्टॅट बंद आहे. त्याच्या आत मेण असतं, ते ठरावीक तापमानाला वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह उघडतं. कितीला उघडतो तो आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, ८२, ८८ असा. तोपर्यंत गळ्यापाशी उभे राहा. मधूनमधून होज दाबा, पातळी उतरली की भरा. इंजिन मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांवर अर्धा मिनिट धरा आणि हळू सोडा. सोडताना पातळी एकदम वर येते, म्हणून फनेल काठोकाठ भरलेलं नको.

मग एका क्षणी फनेलमधली पातळी गपकन खाली जाते. थर्मोस्टॅट उघडला. गार असलेला होज आता गरम लागतो, आणि थर्मोस्टॅटमागे दडलेली हवा मोठ्या बुडबुड्यांनी बाहेर येते. इथे घाई करू नका. भरत राहा, होज दाबत राहा, पण आता फडकं घेऊन. हीटरच्या जाळीवर हात धरा. एकसारखा कडक गरम वारा येत असेल तर हीटरची वाट मोकळी झाली.

रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत झाकण उघडंच ठेवा, असं बरेच जण सांगतात. मी तसं करत नाही. उघड्या तोंडाला दाब नसतो आणि पंखा बहुधा ९५ अंशांच्या पुढे कुठेतरी लागतो. त्याआधीच हेडमधल्या गरम जागी पाणी उकळू लागतं आणि उलट वाफेचे नवे बुडबुडे तयार होतात. तुम्ही जितक्या उंचावर तितकं हे लवकर होतं. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, साधं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं. म्हणून थर्मोस्टॅट उघडला, बुडबुडे थांबले, पातळी आपणहून वर फुगू लागली, की गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावायचं. मग झाकण लावूनच पंख्याची वाट पाहायची. पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला, पुन्हा बंद झाला, असे दोन फेरे होऊ द्या. दोन्ही वेळा तो नेमाने बंद होत असेल तर पाणी फिरतंय.

अलीकडच्या गाड्यांत स्टीअरिंगखाली जे निदानाचं सॉकेट असतं त्यात ब्लूटूथचं छोटं यंत्र लावून मोबाइलवर तापमानाचा आकडा पाहता येतो. काटा नसलेल्या गाडीला तर ते हवंच. आकडा सावकाश, सलग चढत जायला हवा. ८४, ८५ वरून एकदम ९७ आणि मग ८९, असा उड्या मारत असेल तर सेन्सरपाशी अजून हवा आहे.

इंजिन बंद करा आणि झाकणाला हात न लावता घरी जा.

गार झाल्यावर

खरं काम इथे पूर्ण होतं, आणि गॅरेजमध्ये नेमकं हेच राहून जातं, कारण गाडी तेव्हा तुमच्या दारात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, रेडिएटरचं झाकण उघडून पाहा. बहुधा पाव ते अर्धा लिटर कमी झालेलं असेल. तेवढी हवा रात्रीतून वर आली. भरा, बाटलीही भरा. मग गावातल्या गावात दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, मध्ये एखादा चढ घ्या, लक्ष काट्यावर ठेवा. पुन्हा गार होऊ द्या, पुन्हा पाहा. दोन-तीन सकाळी पातळी जागेवर राहिली की मगच लांबचा प्रवास किंवा घाट. तोवर डिकीत दोन लिटर मिसळलेलं कूलंट असू द्या.

टाकीवर दाब असलेल्या गाड्या

यांत कूलंट टाकीतूनच भरायचं, तेही तसंच सावकाश. वरच्या खुणेच्या किंचित वर भरा, इंजिन सुरू करा आणि टाकीत येणाऱ्या बारीक पाइपच्या तोंडाकडे पाहा. सुरुवातीला तो थुंकल्यासारखा अडखळत कूलंट फेकतो. हवा निघत गेली की धार अखंड होते. ती अखंड दिसली, हीटर गरम झाला, की झाकण लावा आणि पंख्याचे दोन फेरे होऊ द्या. तो पाइप कचऱ्याने बुजलेला असेल तर धार येतच नाही. मग तो काढून फुंकून साफ करावा लागतो, तोही गार इंजिनावर.

इलेक्ट्रिक वॉटर पंप असलेल्या गाड्यांचं गणित निराळं आहे. बीएमडब्ल्यूच्या अनेक इंजिनांत इंजिन सुरू न करताच हवा काढायची पद्धत कंपनीने दिलेली आहे. टाकी भरायची, इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरम, पंखा सगळ्यात कमी, आणि ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरायचा. पंप आपोआप साधारण बारा मिनिटं चालतो. एवढ्या वेळात बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर लावतात. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांत तर पाण्याच्या दोन-तीन वेगळ्या वाटा असतात. त्यांना घरी हात लावू नये, असंच मी सांगेन.

ईको किंवा जुनी ओम्नी असेल तर दुप्पट वेळ धरून चाला. इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर गाडीच्या नाकाशी, त्यामुळे मधले पाइप लांब असतात आणि हवेला दडायला जागा फार मिळतात. या गाड्यांना चढ जरा जास्तच द्या आणि सकाळची तपासणी चार-पाच दिवस करा.

थर्मोस्टॅट बदलला असेल तर एक बारीक गोष्ट पाहा. त्याच्या चकतीवर अनेकदा एक भोक आणि त्यात हलणारी छोटी पिन असते. बंद थर्मोस्टॅटमागची हवा तिथून निसटते. ती पिन वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी आली पाहिजे. खाली बसवली तर हवा सुटायचा तो रस्ताच बंद होतो, आणि माणूस होज दाबून दाबून थकतो. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या आपल्याकडे रस्त्यावर पुष्कळ आहेत, गरम होत होती म्हणून काढला, असं त्यांचे मालक सांगतात. त्याने मूळ दुखणं झाकलं जातं, इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं. तो परत बसवून घ्या.

हवा पुन्हा पुन्हा येत असेल तर

एकदा नीट काढलेली हवा आपोआप तयार होत नाही. आठवड्याने परत गुडगुड ऐकू आली तर पुन्हा हवा काढत बसू नका, ती कुठून येते ते शोधा.

सगळ्यात स्वस्त संशयित म्हणजे झाकण. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक दाब सोडणारा आणि दुसरा गार होताना बाटलीतलं कूलंट आत घेणारा. रबर कडक झालं, भेगाळलं, तर गार होताना कूलंटऐवजी हवा आत ओढली जाते. बाटलीचा पाइप चिरलेला असेल, निसटला असेल किंवा त्याचं टोक पातळीच्या वर राहिलं असेल, तरी हेच होतं. दर रात्री थोडी थोडी हवा. लक्षण सोपं आहे. बाटली दिवसेंदिवस भरत जाते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तरी झाकणच पाहा. नवं झाकण घेताना बारचा आकडा जुन्याचाच घ्या, जास्त दाबाचं बसवून फायदा नाही, जुने होज फाटतात.

त्यानंतर गळती. वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक, होजच्या क्लिपा, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जोडली आहे तो सांधा. पांढरट किंवा रंगीत वाळलेली रेघ दिसली की तिथे गळतंय. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला, चिकट, गोडसर वासाचा असेल तर हीटरचा रेडिएटर गळतोय.

आणि शेवटचं, ज्याची सगळ्यांना धास्ती असते, ते हेड गॅस्केट. त्याची ओळख अशी. गार इंजिन, झाकण उघडं, सुरू केल्याबरोबर बुडबुडे, आणि ते थांबतच नाहीत. अडकलेली हवा कधीतरी संपते, सिलिंडरमधून येणारा गॅस संपत नाही. झाकण लावून सुरू केलं तर एक-दोन मिनिटांत, इंजिन कोमट व्हायच्या आत, वरचा होज दगडासारखा कडक होतो. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या काडीवर दुधाळ कॉफीसारखा थर, यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवू नका. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची एक चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडला, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. हेड उघडायला सांगण्याआधी ही चाचणी करून मागा.

रस्त्यातच काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात, आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. वाफ येत असेल किंवा हीटरमधून थंड वारा येत असेल तर इंजिन लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. कमीत कमी पाऊण तास थांबा. मग होज दाबून पाहा, मऊ लागला तरच झाकण उघडा. जवळ फक्त पिण्याचं पाणी असेल तर ते चालेल, घरी पोचल्यावर ते काढून व्यवस्थित मिश्रण भरा आणि हवा काढण्याचा सगळा क्रम पुन्हा करा.

काढलेल्या जुन्या कूलंटचं काय करायचं तेही सांगतो. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकोल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. अंगणात सांडलेलं थारोळं कुत्रं, मांजर चाटतं आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतं. लहान मुलांनाही तो रंगीत द्रव सरबतासारखा दिसतो. म्हणून ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका. जुन्या कॅनमध्ये भरून त्यावर मोठ्या अक्षरात विष लिहा, आणि जे गॅरेज वापरलेलं ऑइल गोळा करून देतं तिथे द्या. गटारात नको, विहिरीच्या आसपास तर मुळीच नको. सांडलेलं असेल तिथे भरपूर माती किंवा लाकडाचा भुसा टाका, तो भरून उचला आणि मग जागा पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. मी हे गाडीखालून हात पुसत बाहेर आल्यावर पहिलं करतो, चहा त्यानंतर.